शामन व वेदनाशमन, अतिदक्षता विभागातील

शामन व वेदनाशमन, अतिदक्षता विभागातील : श्वसनयंत्रावर ठेवलेल्या रुग्णाची वेदना व अस्वस्थता औषधांनी कमी करण्याची चिकित्सा. श्वासनालात घातलेली नळी, स्रावांचे चूषण, शस्त्रक्रियेच्या जखमा आणि कूस बदलताना होणारी हालचाल यांमुळे रुग्णास वेदना होतात; परंतु नळी स्वरतंतूंमधून गेलेली असल्याने त्यास त्या बोलून सांगता येत नाहीत. बेचैन रुग्ण यंत्राच्या लयीविरुद्ध श्वास घेऊ लागल्यास वायुविनिमय बिघडतो व नळी निसटण्याचाही धोका असतो.

कोपनहेगन येथील १९५२ च्या पोलिओच्या साथीत ब्यर्न इब्सेन या शुद्धिहरणतज्ञांनी श्वासनालास छेद घेऊन हाताने हवा देण्याची पद्धत वापरली. त्यांची पहिली रुग्ण, १२ वर्षांची मुलगी, धडपडत असल्याने हवा आत जाईना; थायोपेंटोन दिल्यावर ती शांत झाली व कृत्रिम श्वसन शक्य झाले.

पुढे गाढ शामनाची प्रथा रूढ झाली. तिचे दोष कालांतराने उघड झाले. एटोमिडेट सतत दिलेल्या जखमी रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे १९८३ मध्ये ग्लासगो येथून कळविण्यात आले. हे औषध अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसॉलाची निर्मिती रोखते, म्हणून त्याचा असा वापर बंद झाला.

औषधे : मॉर्फीन, फेंटानिल इ. औषधे वेदना कमी करतात, पण आतड्यांची हालचाल मंदावते. प्रोपोफॉलाचा परिणाम लवकर ओसरतो, मात्र रक्तदाब उतरतो. मिडॅझोलाम शरीरात साचते व संभ्रमास कारणीभूत होऊ शकते. या दोन्ही शामकांनी वेदना कमी होत नाही. डेक्समेडेटोमिडिनाने निद्रेसारखी अवस्था येते, श्वसन फारसे मंदावत नाही, परंतु नाडी मंद होते. स्नायुशिथिलके केवळ हालचाल थांबवितात. त्यांच्या वापरात पुरेसे शामन नसल्यास रुग्ण निश्चल, तरीही जागा व वेदनाग्रस्त राहू शकतो.

मापन : न बोलणाऱ्या रुग्णाची वेदना चेहरा, हातांची हालचाल व यंत्राशी जुळणारे श्वसन यांवरून अजमावतात. शामनाची पातळी रिचमंड श्रेणीने (+४ ते −५) मोजतात. शून्य म्हणजे शांत व जागृत अवस्था.

शिकागो येथील १२८ रुग्णांच्या चाचणीत (२०००) औषध रोज काही काळ थांबविल्याने यंत्रावरील मध्यक कालावधी ७·३ दिवसांवरून ४·९ दिवसांवर आला. त्यामुळे प्रथम वेदनाशमन व नंतर आवश्यक तेवढेच सौम्य शामन, हे धोरण आता मान्य झाले आहे. सतत येणारे अपस्माराचे झटके, कवटीतील वाढलेला दाब आणि स्नायुशिथिलकांचा वापर या स्थितींत मात्र गाढ शामन लागते. [⟶ शुद्धिहरण].