ओवीनं मन हलकं का होतं?

जात्याची घरघर सुरू झाली की बाईच्या ओठी ओवी यायची, आणि दळण सरेपर्यंत छातीवरचं ओझं थोडं उतरायचं. हे घडतं कसं?

गाताना श्वास पटकन आत जातो आणि ओळीभर सावकाश सुटतो. लांबलेल्या उच्छ्वासात मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नस ठोके मंदावते. शरीर सैलावतं.

शब्दांचं काम याहून मोठं. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. धोका जाणवला की तो राखणदारासारखा हाकाटी करतो. भावनेला नाव दिलं की त्याची खळबळ कमी होते, कपाळामागचा विचार करणारा भाग कामाला लागतो. मेंदूच्या स्कॅनमध्ये हे दिसलं आहे.

शब्दांचं हे काम कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत दिसतं. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना ऐन तिशीत वैधव्य आलं. अक्षरओळख नव्हती. तरी चुलीवरच्या तव्यात त्यांनी अख्खा संसार पाहिला, तो गाण्यात मांडला. माझ्या मते त्यांची ताकद इथेच आहे: दुःख नुसतं उगाळलं तर मेंदू त्याच वाटेनं फिरत राहतो, त्यांनी मात्र प्रत्येक वेळी त्याला नवी प्रतिमा दिली.