इंग्रजी नामांचे अनेकवचन व षष्ठी

इंग्रजी नामांचे अनेकवचन व षष्ठी ही अनुक्रमे संख्या आणि स्वामित्वसंबंध दर्शविणारी रूपे होत. दोहोंसाठी बहुधा 'एस' हे एकच अक्षर योजले जाते व उच्चारही सारखाच होतो. त्यामुळे त्यांतील भेद लेखनात अपॉस्ट्रॉफी या चिन्हावरून ओळखावा लागतो.

अनेकवचन

सामान्यतः नामाला 'एस' जोडतात : बुक–बुक्स. 'एस', 'एक्स', 'सीएच', 'एसएच' यांनी संपणाऱ्या बहुतेक नामांना 'ईएस' लागतो. स, श, च यांसारख्या ध्वनींनंतर या प्रत्ययाचा उच्चार 'इझ', इतर अघोष ध्वनींनंतर 'स' आणि अन्यत्र 'झ' असा होतो. मॅन–मेन, चाइल्ड–चिल्ड्रन ही रूपे अनियमित आहेत. 'शीप' दोन्ही वचनांत सारखेच राहते.

षष्ठी

एकवचनी नामापुढे अपॉस्ट्रॉफी व 'एस' येतो. 'एस'ने संपणाऱ्या अनेकवचनापुढे केवळ अपॉस्ट्रॉफी येते. मात्र 'चिल्ड्रन'सारख्या अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी व 'एस' दोन्ही लागतात.

मराठीशी तुलना

'मुलाची पुस्तके' व 'मुलांची पुस्तके' यांतील भेद मराठीत अनुस्वार दाखवतो आणि तो कानाला जाणवतो. इंग्रजीत दोहोंचा उच्चार 'बॉइझ बुक्स' असाच होतो. पुस्तके एका मुलाची की अनेकांची, हे अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी आहे की नंतर, यावरून ठरते. म्हणजेच मराठीत अनुस्वार जे कार्य करतो, तेच इंग्रजी लेखनात या चिन्हाचे स्थान करते.

मराठीत षष्ठीचा प्रत्यय पुढील नामाच्या लिंग-वचनानुसार बदलतो : उमरेडचा बाजार, उमरेडची कोळसा खाण, उमरेडचे जंगल. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच रूप राहते. तसेच मराठीत प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते (मुलगा–मुलाचा). इंग्रजी नामात असा बदल होत नाही.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द बहुधा मराठीचे नियम पाळतात : बँक–बँका–बँकेचा, फाइल–फायली, डॉक्टर–डॉक्टरांचा. 'बसेस'मध्ये मात्र इंग्रजी अनेकवचन जसेच्या तसे आले आहे.

नेहमीच्या चुका

साध्या अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी घालणे ही दुकानांच्या पाट्यांवरही आढळणारी चूक होय. 'इट' या सर्वनामाच्या षष्ठीत हे चिन्ह येत नाही. ते घातल्यास 'इट इज' किंवा 'इट हॅज' याचे संक्षिप्त रूप होते व अर्थ बदलतो.