‘पूर्ण चालू सेट’ विकणे आहे

बदली होते, भाड्याचं घर बदलतं, वीजबिल घरच्यांच्या डोळ्यावर येतं, आणि कुणाची तरी खाऱ्या पाण्याची टाकी विकायला निघते. जाहिरातीत तीन शब्द हमखास असतात: ‘पूर्ण चालू सेट’. चार फुटी टाकी, खाली सम्प, प्रोटीन स्किमर, दिवे, दगड, वाळू, सगळं नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. नवख्या माणसाला मोह पडणारच, आणि सौदा वाईट असतोच असंही नाही. पण जुन्या मरीन टँकमध्ये जे दिसतं, म्हणजे काच, पंप, दिवे, ते सगळं बदलता येतं. पैसे बुडतात ते न दिसणाऱ्या गोष्टींत, आणि सगळ्यात जास्त गैरसमज त्यांच्याबद्दलच आहेत.

‘पाणी जपून न्या, खरी कमाई त्यातच आहे’

विकणारा हे अगदी मनापासून सांगतो आणि घेणारा निळ्या ड्रमांतून दोनेकशे लिटर पाणी टेम्पोत चढवतो. खरी कमाई असते जीवाणूंची, आणि ते पाण्यात जवळपास नसतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. तो थोडासा असला तरी माशांना घातक. जीवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि पाणी बदलून ते कमीही करता येतं. हे जीवाणू दगडांच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या मीडियावर थर करून राहतात. म्हणून जुन्या पाण्यातून न्यायचे ते दगड आणि मीडिया, पूर्ण बुडवून. तेवढ्यापुरतं जुनं पाणी पुरे, बाकीचं नवं तयार करावं. वर्षभर साठलेलं नायट्रेट टेम्पोभाडं देऊन घरी आणण्यात काही अर्थ नाही.

वाटेत दगड उघडे पडून सुकले, की जीवाणूंबरोबर दगडातले स्पंज, किडे, बारीक शिंपलेही मरतात. मेलेलं कुजतं आणि अमोनिया वर चढतो. त्यामुळे काल चालू असलेली टाकी आज तुमच्या हॉलमध्ये लागली, की तिला नवीच समजायचं. अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजायचं, दोन्ही शून्यावर येऊन टिकेपर्यंत मासा सोडायचा नाही. दगड ओले आणि धडधाकट आले असतील तर हे थोड्या दिवसांत होतं. कोरड्या दगडांनी सुरुवात केली तर साधारण चार ते सहा आठवडे धरून चाला.

वाळूचं मात्र उलटं. जुन्या टाकीच्या तळातली मूठभर वाळू बादलीत घेऊन ढवळून पाहा. पाणी चहासारखं तपकिरी होईल. खालचा थर काळा असेल आणि कुजक्या अंड्यांचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड. ही वाळू आहे तशी नव्या जागी ओतली, तर तळाशी दडलेली घाण एका दिवसात पाण्यात मिसळते. पाणी निवळ येईपर्यंत धुवा, नाहीतर सरळ टाकून द्या. धुण्यात काही जीवाणू जातील, पण दगड जिवंत असतील तर त्याने फारसं अडत नाही.

‘दगड धुतले की स्वच्छ’

पाहणीत ज्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही तो प्रश्न तांब्याचा. खाऱ्या पाण्यातल्या माशांना क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीमुळे अंगभर पांढरे ठिपके येतात. त्यावरचं जुनं, परिणामकारक औषध म्हणजे तांब्याचे क्षार. मासे ते सोसतात. गोगलगाई, कोळंबी, खेकडे, समुद्रफुलं सोसत नाहीत. औषध मुख्य टाकीतच ओतलं असेल तर चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे कित्येक महिने हळूहळू सोडत राहतात. वरवर धुण्याने ते जात नाही.

विकणारा खोटं बोलेलच असं नाही. तोच कदाचित टाकीचा तिसरा मालक असेल आणि औषध पहिल्याने टाकलं असेल. म्हणून टाकी चालू असतानाच बघायला जा, आणि माशांआधी काचेकडे पाहा. काचेवर शेवाळ खात सरकणारी गोगलगाय, दगडाच्या कपारीतून मिशा हलवणारी कोळंबी, असं काही महिनोन्‌महिने त्या टाकीत जगत असेल तर तो पुरावा टेस्ट किटपेक्षा भरवशाचा. मासे मजेत आणि पाठीचा कणा नसलेला एकही जीव नाही, असं दिसलं तर स्पष्ट विचारा, पांढऱ्या ठिपक्यांवर औषध टाकलं होतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर दगड-वाळूचे पैसे सौद्यातून वजा करा. काच घासूनपुसून वापरता येते. सोबतचा चिलर जुगाडाचा असेल तर त्याचीही कॉइल विचारून घ्या. खाऱ्या पाण्याला टायटॅनियमची लागते, तांब्याची चालत नाही.

दगडात फॉस्फेटही असंच मुरलेलं असतं. सगळं नियमाने करूनही हिरवं शेवाळ हटत नसेल तर संशय आधी जुन्या दगडांवर घ्यावा.

‘समुद्र दाराशी आहे, मीठ विकत कशाला?’

मुंबईकराला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण चौपाटीवरून भरून आणलेल्या कॅनमध्ये समुद्राबरोबर शहराचं सांडपाणी येतं आणि पावसाळ्यात भरपूर गोडं पाणी. शिवाय त्यातले सूक्ष्मजीव बंद कॅनमध्ये मरून कुजतात, ते वेगळंच. स्वयंपाकघरातलं मीठही चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के असतात. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट. शिंपले-गोगलगाईंचं कवच आणि पाण्याचा सामू याच उरलेल्यावर टिकतो. म्हणून मत्स्यालयासाठीचंच मीठ घ्यायचं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. अडीचशे लिटरच्या टाकीला पहिल्याच भरणीत नऊ-दहा किलो मीठ लागतं.

‘घरात आरओ आहे ना, मग झालं’ हेही अर्धंच खरं. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओंत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलेलं असतं, त्यामुळे टीडीएस शून्याजवळ जात नाही. टाकीला ते शून्यालगत लागतं, म्हणून आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिनचं भांडं जोडतात.

रोज थोडं पाणी उडतं. ते भरून काढायला नवखा माणूस खारं पाणी ओततो. उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची.

सेटबरोबर येणारा हीटर मुंबईत बहुतेक वर्षभर शोभेचाच. इथला त्रास उलटा आहे. पाणी २५-२६ अंशांवर हवं, आणि एप्रिल-मे महिन्यात पंपांच्या उष्णतेसकट ते सहज तिशी ओलांडतं. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण पावसाळ्याच्या दमट हवेत तेवढेही नाहीत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्यापेक्षा कमी असतो. दुपारी दिवे गेले की पहिला फटका याचाच. बॅटरीवरचा साधा एअरपंप घरात हवाच.

‘छोट्या टाकीपासून सुरुवात करावी’

पाणी कमी तितका चुकीला वाव कमी. उरलेलं खाणं, एक मेलेली गोगलगाय, दोन दिवसांचं बाष्पीभवन, छोट्या टाकीत सगळ्याचा परिणाम लगेच दिसतो. चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी नवख्याला दोन फुटीपेक्षा सोपी जाते. मात्र तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. काच, दगड, स्टँड धरून वजन तीनशे किलोंच्या वर जातं. स्टँडच्या प्लायवर खालून बोट फिरवा. फुगलेला, पदर सुटलेला असेल तर खारं पाणी आत शिरलेलं आहे, स्टँड नवा करा. कोपऱ्यांतल्या सिलिकॉनकडे नीट पाहा, आणि टाकी घरात मांडण्याआधी गच्चीत किंवा अंगणात काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा.

‘प्रवाळ सेटबरोबरच मिळतंय’

इथे प्रश्न नुसत्या छंदाचा राहत नाही. खडक बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच वर्षी संरक्षणाखाली आल्या. मेलेलं, पांढरं पडलेलं प्रवाळ शोभेला चालतं, हा समज तितकाच चुकीचा. कायदा अवयवांनाही लागू आहे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. सिंधुदुर्गात मालवणच्या समुद्रात प्रवाळं आहेत. सुट्टीत तिथून उचललेला तुकडाही याच हिशेबात येतो. सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून केलेले कृत्रिम दगड घ्या. जीवाणूंना छिद्रं हवीत, दगड कुठला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

‘नीमोला समुद्रफूल लागतंच’

लागत नाही. नीमोवरच्या २००३ च्या चित्रपटाने क्लाउनफिश घराघरांत पोचवला, तो समुद्रफुलासकट. मोकळ्या समुद्रात त्याला शत्रूंपासून आसरा लागतो. टाकीत शत्रूच नसतो. समुद्रफूल तर नव्या टाकीत बहुधा मरतं आणि मरताना पाणी नासवतं. क्लाउनफिश मात्र नवख्याला खरोखर योग्य. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं प्रजनन यशस्वी केलं आहे. हौदात वाढलेला मासा मागून घ्या. चित्रपटातली निळी डोरी फूटभर वाढते, चार फुटी टाकीत तिला कोंडू नये.

आणि ‘आधी एकदोन कणखर डॅमसेल सोडा, टाकी पिकवतील’ हा सल्ला दुकानांत अजूनही मिळतो. टाकी पिकवायला, म्हणजे तिच्यात जीवाणू वाढवायला, अमोनिया लागतो. तो बाजारातल्या एका कोळंबीच्या तुकड्यानेही मिळतो, त्यासाठी जिवंत मासा भाजायची गरज नाही. त्यातून डॅमसेल खरोखरच कणखर. तो महिनाभर विष सोसून जगतो, सगळी टाकी आपली समजतो, नंतर आलेल्या प्रत्येक माशाचे पर कुरतडतो, आणि त्याला बाहेर काढायचं म्हटलं तर रचलेला एकेक दगड उचलावा लागतो.