ध्रुवप्रदेशातील सूक्ष्मजीव-संशोधन : विद्यार्थ्याची पूर्वतयारी

उज्जैन हे कर्कवृत्ताच्या अगदी जवळचे शहर. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांपुढे जातो. अशा शहरातील एखाद्या विद्यार्थ्याने अंटार्क्टिकावरील जिवाणूंचा अभ्यास करण्याची इच्छा व्यक्त केली, तर अध्यापकांच्या मनात प्रथम येतील ते गरम कपडे. वस्तुतः ते मोहिमेकडूनच मिळतात. खरी कठीण तयारी वेगळीच आहे : गोळा केलेल्या नमुन्यात स्वतःचे जिवाणू मिसळू न देणे.

मराठी वाचकांना या संदर्भात डॉ. अदिती पंत यांचे उदाहरण जवळचे वाटेल. १९४३ साली नागपूर येथे जन्मलेल्या अदिती पंत पुणे विद्यापीठाच्या पदवीधर. पुढे हवाई व लंडन येथे त्यांनी सूक्ष्म समुद्री वनस्पतींचा अभ्यास केला आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या व भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. तेथे जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्याआधी अवघी दोन वर्षे, डॉ. सय्यद जहूर कासिम (पुढे जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू) यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम गोव्याहून निघाली होती. पंत यांची तयारी मात्र त्याच्या कितीतरी आधी, प्रयोगशाळेतच झालेली होती.

आज ही व्यवस्था गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्री संशोधन केंद्र पाहते. संशोधन-प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो, कसून वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडातील औली येथे बर्फावर वावरण्याचे प्रशिक्षण दिले जाते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु औलीत हातमोजा कसा घालावा हे शिकवतील. तो निर्जंतुक कसा ठेवावा हे महाविद्यालयातच शिकावे लागते.

याचे कारण असे. 'मैत्री' हे आपले केंद्र शिर्माकर ओअ‍ॅसिस या बर्फमुक्त खडकाळ भागात १९८९ पासून आहे. तेथील मातीतून हैदराबादच्या डॉ. एस. शिवाजी व सहकाऱ्यांनी स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस ही नवी जाती १९९२ मध्ये नोंदवली. अशा मातीत जिवाणू मुळात कमी असतात. संशोधकाच्या त्वचेवर व श्वासात मात्र ते भरपूर! एक खोकला पुरतो. डीएनए वाचून ओळख पटविण्याच्या आजच्या पद्धतीत तर रसायनांतील अत्यल्प डीएनएसुद्धा दगा देतो. म्हणून प्रत्येक खेपेस एक कोरी बाटली न्यायची, तेथे उघडायची, बंद करायची आणि इतर नमुन्यांबरोबरच तपासायची. कोऱ्या बाटलीत जे आढळेल ते अंटार्क्टिकाचे नव्हे, आपले. विद्यार्थी कंटाळून नेमकी हीच बाटली वगळतात, आणि मग वर्षभराच्या कामावर कोणी विश्वास ठेवीत नाही. उलट दिशेनेही काळजी घ्यावीच लागते. बाहेरचे सूक्ष्मजीव तेथे नेण्यावर भारतीय अंटार्क्टिका अधिनियम, २०२२ नुसारही निर्बंध आहेत.

दुसरी अडचण तापमानाची. खरे शीतप्रेमी जिवाणू साधारण १५ अंश किंवा त्याखाली उत्तम वाढतात आणि २० अंशांच्या वर वाढत नाहीत. आपण वर्गात नमुना सुमारे ४५ अंशांच्या पातळ आगरमध्ये मिसळून ओततो. तसे केल्यास ते मरून जातील. त्यासाठी आगर आधी थंड होऊ द्यावे आणि नमुना वरून पसरावा.

हे सर्व उज्जैनमध्येही करून पाहता येते. महाविद्यालयाच्या बागेतील माती निर्जंतुक पाण्यात कालवून पेट्री डिशवर पसरावी. निम्म्या डिश ३७ अंशांवर, निम्म्या शीतकपाटात ४ अंशांवर ठेवाव्यात. दोन्हींबरोबर एकेक कोरी डिश असावी. उष्ण डिशमध्ये दुसऱ्या दिवशीच वसाहती दिसतील. थंड डिशकडे मात्र दोन-तीन आठवडे धीर धरून पाहावे लागेल, आणि ज्या वसाहती उगवतील त्या बहुधा निराळ्याच असतील. कोऱ्या डिशमध्येही काही उगवले, तर विद्यार्थ्याकडून सर्व प्रयोग पुन्हा करून घ्यावा. डिश कडेने चिकटपट्टीने बंद ठेवाव्यात, शीतकपाटात खाद्यपदार्थ नसावेत, आणि टाकण्यापूर्वी डिश ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक कराव्यात.