होडीचे इंजिन सारखे बंद का पडते?

होडीच्या मागच्या फळीला अडकवलेले इंजिन आता कोकणात नवे राहिलेले नाही. देवगड, मालवण, वेंगुर्ले, कोणत्याही बंदरावर सकाळी जा, दहापाच होड्यांना ते दिसेलच. त्याला आउटबोर्ड म्हणतात. मूळचा नॉर्वे देशाचा ओले एव्हिनरूड नावाचा एक कारागीर अमेरिकेत राहत होता. त्याने 1909 साली असली इंजिने विकायला काढली. तेव्हापासून इंजिनात पुष्कळ सुधारणा झाल्या. पण एक तक्रार तेव्हा होती, ती आजही आहे. इंजिन सुरू होते, थोडे चालते आणि मध्येच बंद पडते. दोरी ओढली की पुन्हा सुरू होते, आणि पुन्हा बंद!

किनाऱ्यावर हे झाले तर नुसता त्रास. पण ओहोटी लागली आहे, होडी खाडीच्या तोंडावर आहे, बाजूला लाटा फुटताहेत, अशा वेळी इंजिन बंद पडले तर? म्हणून दुरुस्तीच्या आधी एक गोष्ट सांगतो. इंजिन बंद पडले की पहिला हात दोरीला घालू नका, नांगराला घाला. नांगर टाकला म्हणजे होडी खडकाकडे वाहत जात नाही. मग शांतपणे इंजिनाकडे पाहता येते. तीस वेळा दोरी ओढून दमलेल्या माणसाला वल्हेही मारता येत नाही.

आता पाहू या, इंजिनाला लागते तरी काय? पेट्रोल लागते, हवा लागते, ठिणगी लागते आणि अंग थंड ठेवायला पाणी लागते. इंजिन म्हणजे बैल नव्हे, चुचकारून ते चालणार नाही. या चारांपैकी काय तुटले ते शोधावे लागते.

ते बंद कसे पडले, यावरून बरेच कळते. दिव्याचे बटण दाबावे तसे एकदम बंद पडले, तर बहुधा ठिणगी गेली. अशा वेळी आधी ती लाल दोरी पाहा. चालवणाऱ्याने मनगटाला बांधायची आणि इंजिनाच्या बटणाला अडकवायची जी दोरी असते ती. जाळे ओढताना तिला हिसका बसतो, ती निघते आणि इंजिन थांबते. माणूस पाण्यात पडला तर इंजिन थांबावे म्हणूनच ती दिलेली आहे. ती मनगटाला न बांधता इंजिनालाच गुंडाळून ठेवणारे लोक आहेत. त्यांना काय म्हणावे!

पण इंजिन खोकले, आचके दिले, हळू झाले आणि मग बंद पडले, तर पेट्रोल नीट पोचत नाही असे समजावे. सारखे बंद पडणाऱ्या इंजिनाची कथा बहुतेक वेळा हीच असते. म्हणून पेट्रोलचा रस्ता टाकीपासून इंजिनापर्यंत नीट तपासू या.

टाकीत पेट्रोल आहे ना? हसू नका, आधी हेच पाहायचे. मग टाकीचे बूच पाहा. बुचावर हवेचा एक लहान स्क्रू असतो. टाकी वाहून नेताना तो आपण घट्ट करतो आणि पुढे सैल करायला विसरतो. टाकीतले पेट्रोल कमी होईल तशी तिच्यात हवा शिरली पाहिजे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल नीट पडते का? दुसरे भोक पाडावे लागते. इथेही तसेच. स्क्रू बंद असला तर इंजिन दहापंधरा मिनिटे चालते आणि गुदमरते. बूच उघडताना फुस्स असा आवाज होऊन हवा आत गेली, तर दुखणे सापडले. दुरुस्तीला पैसाही लागत नाही.

नळीच्या मध्ये एक रबरी फुगा असतो. त्याच्यावर बाण काढलेला असतो. बाण इंजिनाच्या दिशेने हवा. फुगा दाबला की पेट्रोल पुढे जाते आणि थोड्या वेळाने फुगा कडक होतो. हा फुगा फार बोलका आहे. चालत्या इंजिनाला लावलेला फुगा चपटा झाला, तर टाकीच्या बाजूला काही अडले आहे. हवेचा स्क्रू बंद असेल, नळीवर कुणाचा पाय किंवा जाळ्याचे ओझे पडले असेल, नाहीतर टाकीतली जाळी कचऱ्याने भरली असेल. कितीही दाबला तरी फुगा कडक होत नाही, तर नळीतून कुठेतरी हवा शिरते आहे, नाहीतर फुग्यातली झडप गेली आहे. उन्हाने नळीला बारीक चिरा पडतात. जोडाजवळ बोटाने चाचपून पाहा, ओलसर लागते का.

आणखी एक युक्ती आहे. इंजिन आचके देऊ लागले की कुणाला तरी फुगा दाबत राहायला सांगा. त्याने इंजिन सावरले, तर बिघाड पेट्रोल पोचण्यातच आहे हे नक्की झाले. नळी आणि जोड ठीक असतील, तर इंजिनाच्या पेट्रोल पंपातला पातळ पडदा फाटलेला असू शकतो. तो मेकॅनिककडून बदलून घ्यावा. पण तोवर फुगा दाबत दाबत घरी येता येते.

आता पेट्रोलचेच पाहू. काचेच्या स्वच्छ बाटलीत टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल घ्या आणि ती जरा वेळ स्थिर ठेवा. पाणी पेट्रोलपेक्षा जड असते, ते खाली बसते आणि मध्ये रेघ दिसते. समुद्रावर पाणी टाकीत जायला कितीसा वेळ! लाटेचे तुषार जातात, पाऊस जातो, अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते. त्यात आता एक नवी गोष्ट आली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. 2025 सालापर्यंत त्याचे प्रमाण शंभरात वीसपर्यंत आले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोघे मिळून तळाशी बसतात, आणि टाकीची नळी तर तळातूनच पेट्रोल ओढते. म्हणून पेट्रोल फार दिवस साठवू नये.

याचा फटका बसतो तो पावसाळ्यानंतर. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. इंजिन पडवीत पडून राहते. कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. कार्बोरेटरची भोके सुईच्या टोकाएवढी, ती लगेच बुजतात. मग नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली की इंजिन जोरात चालते, पण चाल मंद केली की बंद पडते. हे त्या चिकट थराचे लक्षण. त्यावर कार्बोरेटर उघडून साफ करणे हाच इलाज. भोकात तार घालू नका, भोक मोठे होते. इंजिन ठेवून देण्यापूर्वी कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाकले, तर हे दुखणे येत नाही. हे करताना जवळ विडी पेटलेली नसावी!

टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. पुष्कळ इंजिनांना पन्नासास एक हे प्रमाण चालते, म्हणजे 10 लिटर पेट्रोलला 200 मिलिलिटर ऑइल. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात काय दिले आहे ते वाचा. आता तुम्हाला वाचता येते, दुसऱ्याला विचारायला नको. ऑइल जास्त घातले तर प्लग काळा होऊन ठिणगी मरते. कमी घातले तर इंजिन आतून घासते आणि जाम होते. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मात्र ऑइल घालायचे नाही.

प्लगचे काम थोडक्यात. पान्याने काढा. काळा, तेलकट, ओला असेल तर पुसा, ब्रशने घासा, वाळवा. चांगला प्लग तपकिरी दिसतो. घासूनही भागले नाही तर नवा लावा. गरम इंजिनाला चोक देऊ नका, पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजतो.

राहिले पाणी. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते. खलाशी तिला गमतीने जे नाव देतात ते इथे छापता येत नाही. पण ती धार म्हणजे इंजिनाची नाडी आहे. धार बंद झाली की इंजिन ताबडतोब बंद करा, नाहीतर ते तापून जाम होईल आणि खर्च हजारांत जाईल. खाली पाणी शिरायच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकले आहे का पाहा. धारेचे भोक मिठाने बुजले असेल तर ते साफ करा. तरी धार येत नसेल, तर पंपातले रबरी चक्र झिजले असेल. कोरड्या जागी इंजिन चालवून पाहिले की हे चक्र मिनिटात खराब होते. रोज घरी आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवावे, आतूनही.

गिअर टाकताच इंजिन बंद पडते? मग पंख्याला नायलॉनचा दोरा किंवा जाळे गुंडाळले असेल. इंजिन बंद करून, लाल दोरी काढूनच पंख्याला हात लावा.

होडीत एक डबा ठेवावा. त्यात नवा प्लग, प्लगचा पाना, पक्कड, चाकू, ओढायची जादा दोरी आणि कोरडे फडके. डब्याबाहेर नांगर, वल्ही आणि अंगावर लाइफ जॅकेट. इतके करूनही इंजिन चालेना आणि होडी वाहू लागली, तर मोबाइलवरून 1554 हा आकडा लावा. हा तटरक्षक दलाचा आहे. आकडा खडूने होडीच्या आतल्या फळीवर लिहून ठेवा, खारे पाणी लागून पुसला गेला की पुन्हा लिहा.