जुन्या शिवणयंत्राची ओळख

१९८२ च्या गिरणीसंपात शिवणयंत्राने चूल पेटती ठेवल्याचे आम्ही लहानपणी पाहिले. घाटकोपर-मुलुंडला आजही जुने यंत्र घेणाऱ्या भगिनी भेटतात. त्यांनी सोनेरी नावावर भुलू नये. नाव नंतरही चिकटवता येते. सिंगरचा क्रमांक बैठकीवर कोरलेला असतो; त्यावरून वय कळते. मग सरकपट्टी उघडावी. शटल होडीसारखी व बॉबिन लांब असेल, तर सुटे भाग कष्टाने मिळतात. डावीकडे उभी गोल बॉबिन बहुधा ‘सिंगर पंधरा’च्या धर्तीची. त्याच धर्तीवर उषाने व जपानी कारखान्यांनी यंत्रे काढली. म्हणून सिंगरचा क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, तरी तिची सुई व बॉबिन आजही मिळते. दुकानात जाताना मोडका भाग सोबत न्यावा. यंत्र अडले की रोजी अडते!