हौशी रेडिओवरील मराठी : आवाज, सोबतचा मजकूर आणि भाषांतर

रायपूरच्या समता कॉलोनीतील एखादा हौशी रेडिओचालक नागपूरच्या स्नेह्याशी बोलतो, तेव्हा भाषेची अडचण सहसा येत नाही. ती येते तिसरा ऐकणारा मध्ये आला म्हणजे. रायपूर हे हिंदी, छत्तीसगढी, ओडिया आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची मराठी यांचे शहर आहे. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० साली पेंड्रा येथून काढणारे माधवराव सप्रे मराठी मातृभाषेचे होते. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले, आणि १९२६ साली त्यांचे निधन झाले ते रायपुरातच. सप्रे यांच्यापुढे छापील पान होते. शंका आली तर मागे वळून पाहता येत होते. रेडिओवर वाक्य उच्चारले की गेले. म्हणूनच तेथील तात्काळ भाषांतराचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनीही करणे अगत्याचे आहे.

भाषाभेदावर रेडिओने पहिला उपाय शोधला तो शब्द टाळण्याचा. लंडन येथे १९१२ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारलेली क्यू-संकेतावली हा तो उपाय. तीतून पुढे रूढ झालेले ‘क्यूटीएच’ हे संकेताक्षर कोणत्याही भाषेच्या माणसाला ‘ठिकाण’ एवढे सांगते. ठिकाण, हवामान, ग्रहणाचा दर्जा यांपुरते हे भागते. माणसाला काय झाले आहे हे सांगावयाचे तर भाषाच लागते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद व त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअर येथून हौशी प्रक्षेपण करीत असतानाच २६ तारखेची त्सुनामी आली आणि त्यांचे केंद्र बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवा ठरले. अशा वेळी निरोप ज्या भाषेत येतो त्याच भाषेत पुढे जाईल, असे गृहीत धरता येत नाही.

अंकीय आवाजाच्या पद्धतींमुळे आता निराळी सोय झाली आहे. जपानच्या हौशी रेडिओ संघटनेने विकसित केलेल्या डी-स्टार पद्धतीत सेकंदाला ४८०० बिट जातात. त्यांपैकी ३६०० आवाजाचे असतात (त्यांतही १२०० केवळ चूक-दुरुस्तीसाठी) आणि उरलेले १२०० इतर माहितीसाठी मोकळे असतात. माणूस बोलत असतानाच त्याच्या आवाजाच्या कडेने त्याचे स्थान किंवा छोटा मजकूर जाऊ शकतो. जुळवणीच्या खुणांचा खर्च वजा केला तरी या वाटेने सेकंदाला सुमारे ९५० बिट मिळतात. युनिकोडच्या रूढ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे २४ बिट घेते. सेकंदाला एकोणचाळीस चिन्हे झाली. ओघवत्या बोलण्याचा लिखित मजकूर याहून पुष्कळ कमी भरतो. तेव्हा बोलणे आणि त्याचे लिप्यंकन एकाच प्रक्षेपणातून जाण्यास जागेची अडचण नाही.

अडचण आहे ती रोमन लिपी धरून आखलेल्या चौकटींची. याच पद्धतीत छोट्या संदेशासाठी वीस अक्षरांची, म्हणजे वीस बाइटची जागा आहे. ‘रायपूर’ या शब्दाची सहा चिन्हे अठरा बाइटांत मावतात. ‘समता कॉलोनी’ला मात्र एकतीस बाइट लागतात, ते मावत नाही. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या इस्की मांडणीत हेच नाव अकरा बाइटांत बसले असते, पण ती मांडणी मागे पडली.

आवाजाचे काय होते, हे त्याहून महत्त्वाचे आहे. सेकंदाला २४०० बिटांत बोलणे बसविणारा कोडेक आवाज जसाच्या तसा पाठवीत नाही. स्वराची उंची, घोष-अघोषता आणि मुखपोकळीचा आकार एवढे मोजून तो पलीकडे आवाज नव्याने घडवितो. ‘ल’ आणि ‘ळ’, अल्पप्राण आणि महाप्राण यांतील सूक्ष्म भेद अशा घडणीत पुसट होण्याचा संभव असतो. लिखित मजकूर सोबत असेल तर ते भेद वाचतात. उलट, ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द मराठी माणूस उच्चाराने वेगळे करतो. देवनागरी त्यांना वेगळे करीत नाही. आवाज आणि मजकूर एकमेकांची उणीव अशी भरून काढतात, यास्तव एकाच्या जागी दुसरा ठेवणे इष्ट नाही.

खरा धोका वाक्याच्या शेवटी आहे. हिंदीत ‘नहीं’ सामान्यतः क्रियापदाआधी येते, छत्तीसगढीतील ‘नइ’ही तसेच. मराठीत मात्र ‘पुलावरून गाडी जाणार नाही’ या वाक्यातील नकार सर्वांत शेवटी येतो. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात संदेश क्षीण झाला की खरखर वाढते आणि ऐकणारा सावध होतो. अंकीय आवाज मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो. ‘पुलावरून गाडी जाणार’ एवढेच पोहोचले, तर भाषांतर करणारे यंत्र व्याकरणशुद्ध आणि नेमके उलटे हिंदी वाक्य देईल. माणसाने निदान ‘पुन्हा सांगा’ म्हटले असते.

यावर उपाय हौशी रेडिओच्या शिस्तीतच आहे. येथे एका वेळी एकच जण बोलतो आणि ‘ओव्हर’ म्हणून थांबतो. ही खूण मिळेपर्यंत यंत्राने भाषांतर सुरू करू नये. मजकुराला तपासणी-अंक जोडावा आणि तो जुळला नाही तर भाषांतराऐवजी ‘अपूर्ण’ असे दाखवावे. लिप्यंकन बोलण्याच्या मागे राहते, म्हणून बोलणाऱ्याने बटण क्षणभर अधिक दाबून धरावे, हे ओघानेच आले. ‘तात्काळ’ या शब्दाचा सोस येथे थोडा आवरलेला बरा. भाषांतरही शक्यतो ऐकणाऱ्याच्या टोकाला व्हावे, मूळ आवाज अबाधित ठेवून.

मग भाषा कोणत्या? मेटा कंपनीने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या दोनशे भाषांच्या भाषांतर-प्रणालीत मराठी आहे आणि आठव्या अनुसूचीत नसलेली छत्तीसगढीही आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०५ च्या सातव्या खंडात मराठीच्या सोबत बसविलेली बस्तरची हलबी मात्र तीत नाही. बस्तरातून हलबीत आलेला निरोप समता कॉलोनीतील केंद्रावर पोहोचला, तर तो उलगडण्यासाठी आजही हलबी जाणणाऱ्या माणसालाच बोलवावे लागेल.